जुन्या मासेमारी बोटीसाठी नवी डिझेल इंजिने कशी निवडावीत

हौशी मासेमारीसाठी बांधलेल्या चांगल्या फायबरग्लास बोटीचे आयुष्य तिच्या इंजिनांपेक्षा मोठे असते. बर्ट्राम आणि हॅटरास यांसारख्या कंपन्यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत बांधलेल्या कित्येक बोटी आजही वापरात आहेत. त्यांच्यात अजून डेट्रॉइट डिझेलची जुनी दोन-स्ट्रोक इंजिने किंवा कॅटरपिलर ३२०८ असतील, तर धूर, तेलगळती, मोठा इंधनखर्च आणि सुट्या भागांची वाढती टंचाई यांमुळे मालकाच्या मनात कधी ना कधी इंजिने बदलण्याचा विचार येतोच. विचार पक्का झाला की बहुतेक जण आधी कंपन्यांची माहितीपत्रके उघडतात आणि अश्वशक्तीच्या आकड्यांची तुलना करू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बोटीचे वजन, तिचा नेहमीचा वेग, प्रोपेलर (पाण्यातला पंखा) फिरवणाऱ्या शाफ्टचा म्हणजे दांड्याचा व्यास, प्रोपेलरला मिळणारी जागा आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टचा मार्ग या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. त्या नीट मोजून घेतल्या की विचारात घेण्याजोगी इंजिने दोन-तीनच उरतात. म्हणून इंजिनाचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे.

जुनी इंजिने काढण्यापूर्वी

जुनी इंजिने चालू स्थितीत असतील, तर ती बाहेर काढण्यापूर्वी बोटीची एक पद्धतशीर चाचणी घ्यावी, कारण ही संधी पुन्हा मिळत नाही. इंधनाच्या व पाण्याच्या टाक्या भरलेल्या, बर्फ, अवजारे आणि नेहमीइतकी माणसे बोटीवर, आणि तळ स्वच्छ, अशा अवस्थेत इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत दर वेळी २०० ची वाढ करत बोटीचा वेग नोंदवावा. प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी प्रत्येक नोंद परस्परविरुद्ध दिशांना दोनदा जाऊन घ्यावी आणि सरासरी काढावी. बोटीचा पुढचा भाग किती अंश उचलला जातो आणि पाण्यावर तरंगत धावू लागण्यासाठी (म्हणजे तळ वर उचलून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाण्यासाठी) इंजिनाचे किती फेरे लागतात, हेही लिहून ठेवावे. फेरे दाखवणाऱ्या जुन्या तबकडीवर विश्वास ठेवू नये. हातात धरण्याच्या प्रकाशकिरणाच्या टॅकोमीटरने खरे फेरे तपासावेत, कारण पुढचे सगळे गणित या आकड्यांवर उभे राहते.

नंतर बोट पाण्याबाहेर ओढून घेतल्यावर शाफ्टचा व्यास, प्रोपेलरवर कोरलेला व्यास व पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर), प्रोपेलरचे टोक आणि तळ यांतील अंतर, गिअरबॉक्सचे गुणोत्तर, स्ट्रिंगरमधील अंतर आणि इंजिन ज्या झडपेतून किंवा दारातून आत-बाहेर करायचे तिचे माप घ्यावे. स्ट्रिंगर म्हणजे ज्यांच्यावर इंजिन बसते त्या लांबीच्या तुळया. जुन्या बोटींत फायबरग्लासच्या आवरणाखाली लाकूड असते आणि वर्षानुवर्षे बोल्टच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याने ते आतून कुजलेले असू शकते. हातोडीने ठोकून आणि शंकास्पद ठिकाणी बारीक छिद्र पाडून पाहणे हा साधा पण खात्रीचा उपाय आहे. कूज खोलवर असेल किंवा इंधनाच्या टाक्या शेवटच्या टप्प्यावर असतील, तर तो खर्च आधी मांडावा. इंजिनरूम रिकामी असताना टाकी बदलणे जितके सोपे असते तितके ते पुन्हा कधीच नसते.

जुन्याच इंजिनांची दुरुस्ती करावी का, हा प्रश्न येथेच निकाली काढलेला बरा. डेट्रॉइटच्या ७१ मालिकेत सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतल्या नळ्या, बदलता येतात, त्यामुळे पुष्कळदा इंजिन जागेवरच ठेवून पूर्ण दुरुस्ती करता येते. कॅटरपिलर ३२०८ ला वेगळे लायनर नाहीत, त्यामुळे सिलिंडर झिजले की ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) बाहेर काढून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करून, घ्यावा लागतो. वर्षाला थोडेच तास बोट चालवणाऱ्या आणि जुन्या वेगावर समाधानी असलेल्या मालकाला जागेवरची दुरुस्ती परवडते. ज्याला शांतता, धूरविरहित कॉकपिट (बोटीच्या मागच्या बाजूची मासे पकडण्याची मोकळी जागा) आणि दूरचा पल्ला हवा आहे, त्याने मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

अश्वशक्ती किती हवी

पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटींसाठी नौका-रचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखले जाणारे जुने सूत्र अजूनही उपयोगी पडते. त्याचा गाभा असा की वेग हा अश्वशक्ती भागिले वजन यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. शक्ती दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही. वजन तेवढेच राहिले तर तो सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि मोठ्या इंजिनांचे वजन धरले तर त्याहून कमी. आपल्या बोटीचे जुने आकडे हाती असले की सूत्रातील स्थिरांक बाहेरून शोधावा लागत नाही, केवळ प्रमाण मांडले तरी पुरते.

उदाहरण घेऊ. पूर्ण भारासह १३,६०० किलोची एक बोट प्रत्येकी ३०० अश्वशक्तीच्या दोन जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांवर कमाल २४ नॉट (ताशी २४ सागरी मैल) जाते. मालकाला २४ नॉट हा कमाल नव्हे, तर दिवसभर टिकणारा वेग हवा आहे. प्रत्येकी ३८० अश्वशक्तीची दोन हलकी इंजिने बसवली आणि एकूण वजन १३,००० किलोवर आले, तर शक्ती व वजन यांचे गुणोत्तर सुमारे १.३३ पट होते, त्याचे वर्गमूळ १.१५, आणि कमाल वेग साधारण २७.६ नॉट मिळतो. कमाल शक्तीच्या ७५ टक्क्यांवर चालवल्यास वेग त्याच्या ०.८७ पट, म्हणजे जवळजवळ २४ नॉट. मागणी पूर्ण होते, पण जेमतेम. दोन-चार वर्षांत बोटीवर चढणारे सामान धरले तर एक पायरी वरचे इंजिन विचारात घ्यावे लागेल.

याच उदाहरणातून इंधनाचाही अंदाज येतो. आजचे चार-स्ट्रोक डिझेल दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण ०.१९ लिटर घेते. जुन्या दोन-स्ट्रोकसाठी ०.२२ ते ०.२३ लिटर धरणे रास्त आहे. जुनी बोट २० नॉटला सुमारे ४१५ अश्वशक्ती वापरत होती, म्हणजे सागरी मैलाला साधारण ४.७ लिटर. नवी बोट त्याच २० नॉटला ३.८ लिटरमध्ये जाईल. पण तिला २४ नॉटला पळवले, तर ५७० अश्वशक्ती आणि ताशी १०८ लिटर लागतात, म्हणजे मैलाला ४.५ लिटर, आणि बचत बहुतेक सगळी वेगात खर्च होते. नव्या इंजिनांमुळे इंधन वाचते हे खरे आहे; मात्र ते जुन्या वेगाने चालवणाऱ्याचे वाचते. विक्रेत्याच्या तक्त्यात ही बाब सहसा शेजारी शेजारी मांडलेली नसते.

वेगाला वरून मर्यादाही आहे. २२ नॉटसाठी आखलेल्या तळाला, सुकाणूंना आणि ट्रिम टॅबना (बोटीचा कल सांभाळणाऱ्या मागच्या पट्ट्यांना) ३५ नॉटला नेले, तर सुकाणूंचे क्षेत्रफळ, त्यांच्या आधारांची ताकद आणि तळावर बसणारे लाटांचे मार या सगळ्यांचा पुनर्विचार करावा लागतो. जुन्या बोटीचा कमाल वेग चार-पाच नॉटने वाढवणे शहाणपणाचे आहे. त्यापलीकडे जायचे असेल तर नौका-रचनाकाराचा सल्ला घेतल्याशिवाय इंजिनाची मागणी नोंदवू नये.

आकड्यांमागचे इंजिन

एकाच अश्वशक्तीची दोन इंजिने बोटीत अगदी वेगळी वागू शकतात. कमिन्सचे ६.७ लिटरचे क्यूएसबी इंजिन ३८० अश्वशक्तीच्या रूपात मिळते तसे ५५० च्या रूपातही मिळते. पहिल्यात एका लिटरमागे सुमारे ५७ अश्वशक्ती निघते, दुसऱ्यात ८२. जास्त पिळलेले इंजिन वाईट नसते, पण त्याची शक्ती टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब चढल्यावरच उपलब्ध होते. जड जुनी बोट विस्थापनाच्या, म्हणजे पाणी बाजूला सारत जाण्याच्या, वेगातून तरंगत धावण्याच्या वेगाकडे जाताना पाण्याचा जो उंचवटा चढते, तो नेमका १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात येतो, आणि तेथे टर्बो अजून पुरता जागा झालेला नसतो. अशा वेळी मोठ्या घनफळाचे, कमी पिळलेले इंजिन बोट सहज वर काढते; छोटे इंजिन धापा टाकते. ही अडचण ओळखूनच व्होल्वो पेंटाने डी-४ आणि डी-६ मालिकांतील काही इंजिनांना टर्बोच्या जोडीला यांत्रिक सुपरचार्जर (इंजिनानेच फिरवला जाणारा हवेचा पंप) दिला. म्हणून केवळ कमाल अश्वशक्ती न पाहता १,४०० ते २,००० फेऱ्यांमधील टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आलेख मागून घ्यावा आणि प्रोपेलरच्या मागणीची (त्या त्या फेऱ्यांना त्याला जितका जोर लागतो त्याची) रेषा त्यावर काढून दाखवण्यास सांगावे.

यानंतर रेटिंग पाहावे. उत्पादक एकच इंजिन अखंड वापरापासून हौशी वापरापर्यंतच्या वेगवेगळ्या श्रेणींत विकतात. उदाहरणार्थ, कमिन्सच्या सर्वांत वरच्या हौशी श्रेणीत दर आठ तासांपैकी एकच तास पूर्ण शक्ती अपेक्षित असते आणि उरलेला वेळ कमाल फेऱ्यांपेक्षा किमान २०० फेरे खाली चालवायचे असते. वार्षिक वापरही मर्यादित धरलेला असतो. भाड्याने पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या बोटीचे तास या मर्यादेबाहेर सहज जातात. अशा मालकाने खालची श्रेणी घ्यावी, मग आकडा लहान दिसला तरी चालेल, कारण चुकीच्या श्रेणीत बसवलेल्या इंजिनाची हमी उत्पादक नाकारू शकतो.

मासेमारीच्या बोटीला आणखी दोन गोष्टी लागतात. आमिष ओढत सहा ते आठ नॉटने तासन्‌तास चालताना इंजिनावर अत्यल्प भार असतो. म्हणून मंद गतीला इंजिन किती स्थिर चालते, आणि त्याहूनही हळू जायचे असल्यास गिअरबॉक्सला ट्रोलिंग व्हॉल्व्ह (क्लच घसरू देऊन प्रोपेलर सावकाश फिरवणारी झडप) बसवता येतो का, हे विचारावे. मोठा मासा लागला की बोट वेगाने मागे घ्यावी लागते आणि जुन्या इंजिनांचा काळा धूर थेट कॉकपिटमधल्या माणसांच्या तोंडावर येतो. कॉमन रेल इंजिनांत (म्हणजे एका सामायिक उच्च दाबाच्या नळीतून संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन सोडणाऱ्या इंजिनांत) टर्बोचा दाब जितका असेल तितकेच इंधन सोडले जाते, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. ठरावीक इंजिनांच्या आवाजाने मासे बोटीकडे येतात असे अनेक अनुभवी कप्तान ठामपणे सांगतात. या वादात मी पडत नाही, परंतु केवळ त्या भरवशावर इंजिन निवडू नये एवढे नक्की.

गिअरबॉक्स, शाफ्ट आणि प्रोपेलर

सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून येथे घाई नको. आपल्या उदाहरणातील जुने इंजिन मिनिटाला २,३०० फेरे करते आणि २:१ गिअरबॉक्समुळे शाफ्ट १,१५० फेरे करतो. ३०० अश्वशक्ती म्हणजे २२४ किलोवॅट. किलोवॅटला ९,५४९ ने गुणून शाफ्टच्या फेऱ्यांनी भागले की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो, तो येथे सुमारे १,८६० येतो. नवे ३८० अश्वशक्तीचे इंजिन ३,००० फेरे करते. त्याला २.५:१ गिअरबॉक्स दिला तर शाफ्टचे फेरे १,२०० राहतात आणि मोठा, सावकाश फिरणारा, कार्यक्षम प्रोपेलर वापरता येतो. पण टॉर्क २,२५० च्या वर जातो, म्हणजे २१ टक्के वाढतो. २:१ दिला तर शाफ्ट १,५०० फेरे करतो, टॉर्क १,८०० च्या आसपास, जुन्यापेक्षाही कमी राहतो. मात्र प्रोपेलर लहान करावा लागतो आणि जड बोटीत त्याची पकड कमी पडते. २.२५:१ हा मधला मार्ग आहे.

शाफ्टचा आवश्यक व्यास टॉर्कच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. २१ टक्के टॉर्क वाढला तर व्यास सुमारे ६.५ टक्के वाढायला हवा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जागी ५३. आकडा क्षुल्लक वाटतो, पण शाफ्ट जाड झाला की बेअरिंग, स्ट्रट (तळाखाली शाफ्टला धरणारे आधार), स्टफिंग बॉक्स (शाफ्टभोवतीने पाणी आत येऊ न देणारा भाग), कपलिंग (शाफ्ट व गिअरबॉक्स यांचा जोड) आणि प्रोपेलरचे भोक हे सगळेच बदलते. यासाठी आधी शाफ्टचा धातू ओळखावा. जुना शाफ्ट साध्या पोलादाचा किंवा काशाचा असेल, तर त्याच व्यासाचा अधिक ताकदीच्या मिश्रधातूचा शाफ्ट वापरून स्ट्रट वाचवता येतात. प्रोपेलरचे टोक आणि तळ यांत व्यासाच्या किमान १० टक्के, शक्य तर १५ टक्के अंतर राहिलेच पाहिजे. ते कमी झाले की बोट थरथरते, आणि ही थरथर नंतर कोणत्याही रबरी माउंटने जात नाही.

एक तपशील नेहमी विसरला जातो. डेट्रॉइटची इंजिने डावीकडे व उजवीकडे फिरणाऱ्या जोडीत मिळत असत. आजची जवळजवळ सगळी इंजिने एकाच दिशेने फिरतात आणि एका बाजूचा प्रोपेलर उलटा फिरवण्याचे काम गिअरबॉक्स करतो. नवा गिअरबॉक्स दोन्ही दिशांना पूर्ण भाराने चालण्यासाठी मान्य आहे का, हे लेखी घ्यावे. जुनाच गिअरबॉक्स वाचवण्याचा मोह येथे महागात पडतो.

एक्झॉस्ट, हवा आणि इंधन

नव्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये उलटा दाब (बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा) किती चालतो, याची मर्यादा उत्पादक देतो आणि ती काटेकोर असते. जुन्या बोटीतील नळ्या, मफलर आणि वळणे जुन्या इंजिनाच्या हिशेबाने बसवलेली असतात. त्या जशाच्या तशा जोडल्या तर शक्ती घटते, टर्बो तापतो आणि हमी धोक्यात येते. दुसरा धोका समुद्राचे पाणी परत टर्बोत शिरण्याचा आहे. एक्झॉस्टचा उंच बिंदू पूर्ण भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर वर असावा आणि इंजिन थंड करून आलेले पाणी त्या बिंदूच्या पलीकडे, उतारावर एक्झॉस्टमध्ये सोडले जावे. इंजिनरूमची उंची कमी असल्याने हे जमत नसेल, तर ते इंजिन त्या बोटीसाठी नाही असेच समजावे.

हवेच्या बाबतीत ढोबळ नियम असा आहे की एकूण अश्वशक्तीला ३.३ ने भागले की हवेच्या वाटांचे किमान क्षेत्रफळ चौरस इंचांत मिळते. ७६० अश्वशक्तीला सुमारे २३० चौरस इंच, म्हणजे जवळपास १,५०० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट लागते. जाळ्या आणि पट्ट्या यांनी अडवलेले क्षेत्र त्यातून वजा करावे.

कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो आणि इंजेक्टरच्या भागांत केसाहून कितीतरी बारीक फट असते. जुन्या टाकीच्या तळाला साठलेला गाळ आणि पाणी डेट्रॉइट इंजिने निमूटपणे गिळत होती. नवी इंजिने गिळणार नाहीत. टाकी उघडून साफ करावी, पाणी वेगळे करणारा मोठा प्राथमिक फिल्टर बसवावा आणि शक्यतो दोन फिल्टर असे जोडावेत की चालू इंजिनावर एक बंद करून बदलता येईल.

इलेक्ट्रॉनिक, यांत्रिक की वापरलेले

विजेच्या तारा खराब झाल्या तरी चालत राहणारे यांत्रिक पंपाचे इंजिन अनेकांना आवडते, आणि दूरच्या समुद्रात एकट्याने जाणाऱ्याची ही भावना मी हलकी मानत नाही. तरीही इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा एक फायदा निर्णायक आहे: पडद्यावर भाराची टक्केवारी आणि इंधनाचा खप सतत दिसतो, त्यामुळे इंजिनावर जास्त भार पडत असल्याचे ते बिघडण्यापूर्वी कळते. त्याबदल्यात विजेची व्यवस्था निर्दोष हवी. काही जुन्या बोटींत ३२ व्होल्टची यंत्रणा असते. नव्या इंजिनांना १२ किंवा २४ व्होल्ट लागतात, म्हणून बॅटऱ्या, चार्जर आणि कित्येक तारा बदलण्याचा खर्च धरावा.

वापरलेले इंजिन घेताना इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील नोंदी उतरवून घ्याव्यात. एकूण तासांपेक्षा ते तास कोणत्या भाराखाली गेले हे त्यात अधिक स्पष्ट दिसते. तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि समुद्राच्या पाण्यावर चालणारा आफ्टरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) शेवटचा कधी उघडला ते विचारावे. दर दोन वर्षांनी तो सोडवून साफ करावा लागतो. तसे झाल्याचा पुरावा नसेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. ब्लॉकची रचनाही पाहावी. कमिन्सच्या ८.३ लिटरच्या इंजिनात बदलता येणारे लायनर आहेत, ६.७ मध्ये नाहीत. वर्षाला भरपूर तास चालवणाऱ्याला हा फरक पुढे जाणवतो.

उत्सर्जनाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेचे टप्पे लागू होतात आणि युरोपीय संघात २०१३/५३ हा हौशी बोटींचा निर्देश. आयात केलेले जुने इंजिन कायदेशीरपणे बसवता येते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शेवटची निवड करताना दुरुस्तीच्या जागाही डोळ्यांसमोर ठेवाव्यात. जुळ्या इंजिनांपैकी प्रत्येकाची एक बाजू बोटीच्या भिंतीकडे असते. तेलाचा फिल्टर, समुद्रपाण्याचा पंप आणि स्टार्टर त्या बाजूला असतील तर छोट्या कामालाही अर्धा दिवस जातो. पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा पूर्ण मापाचा साचा करून इंजिनरूममध्ये ठेवून पाहावा. हात कुठे पोहोचतो ते तेथेच कळते. आणि जवळच्या बंदरात त्या कंपनीचा जाणकार मिस्त्री नसेल, तर उत्तम इंजिनही दुसऱ्या क्रमांकावर टाकावे.

बसवल्यानंतर

बोट पाण्यात उतरवल्यावर तळाचा आकार किंचित बदलतो, म्हणून शाफ्ट व इंजिन यांचे सरळपण एक-दोन दिवसांनी, टाक्या भरून तपासावे. कपलिंगच्या दोन तोंडांमधील फट व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त नसावी. मग सुरुवातीला केलेली चाचणी तशाच भारावर, तशाच क्रमाने पुन्हा करावी. पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलवर इंजिनाने आपले निर्धारित फेरे गाठलेच पाहिजेत, किंबहुना २ ते ३ टक्के ओलांडले पाहिजेत. ३,००० फेऱ्यांच्या इंजिनासाठी ३,०६० ते ३,०९०. तेवढे फेरे मिळाले नाहीत तर पिच कमी करून घ्यावा आणि तोवर बोट जोरात चालवू नये, कारण तळावर शेवाळ चढले आणि सामान वाढले की हा आकडा खालीच येणार आहे. याच वेळी एक्झॉस्टचा उलटा दाब, इंजिनरूमचे तापमान आणि प्रत्येक २०० फेऱ्यांवरील भाराची टक्केवारी मोजून विक्रेत्याच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. पहिल्या ५० तासांनंतर माउंटचे बोल्ट, कपलिंग आणि पाण्याच्या नळ्यांच्या पट्ट्या पुन्हा आवळाव्यात, सरळपण पुन्हा तपासावे आणि इंधनाचा प्राथमिक फिल्टर उघडून त्यात टाकीतला गाळ अजून येतो का ते पाहावे.